वारा : वरीलप्रमाणे

माझ्या पाहण्यातले सर्वांत अचूक बॉम्ब टाकणारे गृहस्थ एस.टी.नं यायचे. सायखेड्याहून, दर बुधवारी, खांद्यावर पंचा आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला द्राक्षांचा घड. हंगाम नसेल तेव्हा मूठभर बेदाणे. विमानात ते जन्मात कधी बसले नव्हते आणि बसायची त्यांना हौसही नव्हती. एकदा विचारलं तर म्हणाले, "आपलं समदं खाली असताना वर कशाला जायचं?" बॉम्ब मात्र असा टाकत की बघणाऱ्यानं टोपी काढावी. त्यांची स्वतःची टोपी त्या वेळी माझ्या कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर ठेवलेली असे.

कोणी पोलिसांत जाण्यापूर्वी खुलासा करतो. बॉम्ब खोटे होते, विमान खोटं होतं, युद्धही खोटं होतं. खरे होते ते फक्त रंगनाथ तात्या.

दोन हजार सालाच्या जरा पुढेमागे, हमरस्त्यावरच्या द्वारका चौकात माझं इंटरनेट सेंटर होतं. खाली इक्बालभाईंचं ट्रॅक्टर आणि फवारणी पंपांच्या सुट्या भागांचं दुकान, वर मी. सहा कॉम्प्युटर, एक पंखा, आणि खिडकीतून चोवीस तास ट्रकचे हॉर्न. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं. म्हणजे निघायचं तरी; पोचायचंच असं नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाला थांबवून ठेवायला मी कॉम्प्युटरवर खेळ भरून ठेवले होते. त्यातला आमचा लाडका खेळ दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचा. खेळणारी माणसं पोरंटोरं नव्हती बरं का. एक होता शिरीष, औषध कंपनीचा प्रतिनिधी. डॉक्टरांच्या दारात ताटकळायचा वेळ तो माझ्याकडे टाय सैल करून युद्धात घालवायचा. दुसरे खुद्द इक्बालभाई, वय पन्नास, दुकानात गिऱ्हाईक आलं की विमान आकाशात तसंच सोडून जिना उतरणारे. तिसरा मी, पण मी बहुतेक वेळ फोनची तार हलवत असे.

तात्या यायचे ईमेलसाठी. त्यांची द्राक्षं बोटीनं परदेशात जात, आणि कुठलं औषध कधी मारायचं, कधी थांबवायचं हे निर्यातदार ईमेलनं कळवी. तात्यांना टाइप करणं नामंजूर. ते बोलत, मी टाइप करी. "लिहा, राम राम." मग ईमेल जाईपर्यंत आणि आलेली उघडेपर्यंत अर्धा तास. तो अर्धा तास ते स्टुलावर बसून मांडीवर पंचा टाकून आमचं युद्ध बघत. फवारणीचं मोरचूद हाताळून त्यांची नखं कायमची निळसर झाली होती, आणि मनगटी घड्याळ ते तळहाताच्या बाजूला बांधत, फवारताना काच औषधानं भरू नये म्हणून.

आता आमच्या युद्धाची अब्रू सांगतो. लढाऊ विमानं आम्ही बरी उडवायचो. पण मोठं दोन इंजिनांचं बॉम्बफेकी विमान घेतलं, की आमचे बॉम्ब कुठेही पडत. सूर मारून नव्हे, उंचावर अगदी सपाट उडत जायचं आणि खालच्या पुलावर नेम धरायचा, असा तो प्रकार. नेमाच्या दुर्बिणीत आपली उंची आणि वेग भरायचा. ती हिशेब करून सांगते, आता सोड. आम्ही भरायचो, सोडायचो, आणि बॉम्ब शेतात पडायचे. नदीत पडायचे. एकदा आमच्याच विमानतळावर पडले, आणि इक्बालभाई तेव्हा तिथून उडायच्या बेतात होते.

तीनेक बुधवार तात्यांनी नुसतं पाहिलं. चौथ्या बुधवारी शिरीषच्या खांद्याला बोट लावून म्हणाले, "गड्या, तू सारखा गिअर का बदलतोस?"

शिरीष म्हणाला, "तात्या, गिअर नाही. वेग कमी झाला म्हणून वाढवला."

"अन् मघाशी वाढला म्हनून कमी केला."

इक्बालभाई हसले. "अरे तात्या, ये विमान है. ट्रॅक्टर नाही."

तात्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं ते रोग पडलेल्या पानाकडे बघत असावेत. "टाकी पाठीवर हाय ना? औषध खाली पडायचंय ना? ठरल्या जागीच पडायचंय ना? मंग फवारनीच हाय. बाकी तुमचं विमान म्हना, पुष्पक म्हना."

त्या वाक्यानं माझ्या सेंटरचा इतिहास बदलला.

द्राक्षबागेत फवारताना ट्रॅक्टर एका गिअरमध्ये, एका गतीनं चालवायचा असतो. गती घटली की त्या झाडाला औषध जास्त, वाढली की कमी. गती किती हे ट्रॅक्टरच्या काट्यावर बघायचं नाही, कारण तो काटा बहुधा मेलेला असतो. दोन खुणा रोवायच्या, घड्याळ लावायचं, आणि एका खुणेपासून दुसरीपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजायचं. तात्या हे तीस वर्षं करत होते. त्यांनी ते उचललं आणि जसंच्या तसं आकाशात नेलं.

पहिला हुकूम सुटला, "नेम धरायच्या लय आधी हात काढायचा. वेगाला हात नाय, दांड्याला हात नाय. विमान सुस्त होऊ दे. गाय रवंथाला बसती तसं."

दुसरा हुकूम काट्याविरुद्ध होता. नकाशावर नदीची दोन वळणं त्यांनी हेरली, मधलं अंतर मला मोजायला लावलं, आणि शिरीषला एका वळणावरून दुसऱ्याकडे उडायला सांगितलं. स्वतः मनगट उलटं करून घड्याळ बघत बसले. हिशेब आला तो काट्यापेक्षा बराच जास्त. आम्ही चाट पडलो. खेळाबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक तेव्हा मी पहिल्यांदा उघडलं. वर हवा विरळ असते, काटा कमी दाखवतो, हे त्यात स्वच्छ छापलेलं होतं. तात्यांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "पुस्तक बरोबर सांगतंय." जणू पुस्तक त्यांच्याकडे तपासायला आलं होतं.

तिसरा हुकूम मला सर्वांत प्रिय. एका मोहिमेत पूल डोंगरपठारावर होता, आणि वेग बरोबर भरूनही बॉम्ब दर वेळी अलीकडे पडत. शिरीष केस उपटायला आला. तात्यांनी विचारलं, "उंची कुठून मोजलीस?"

"समोर काटा आहे ना. समुद्रसपाटीपासून."

"तुझ्या घरी विहीर हाय?"

"नाही. गंगापूर रोडला फ्लॅट आहे."

"तरीच. विहिरीचं पानी किती खोल, ते काठापासून मोजत्यात. मुंबईच्या समुद्रापासून कोनी मोजत नाय. पूल जिथं हाय तिथपासून उंची धर. पठाराची उंची वजा कर."

वजा केली. बॉम्ब पुलाच्या मधोमध पडला. शिरीषनं टाय काढून तात्यांच्या गळ्यात घातला. तात्यांनी तो दोन बोटांनी उचलून परत दिला आणि हात पंच्याला पुसले.

मग बुधवारांना रंग चढला. तात्यांच्या खिशात प्लास्टिकची एक पट्टी असायची, तिला सोळा, सतरा, अठरा मिलिमीटरची गोल भोकं. द्राक्षाचा मणी त्यात घालून त्याची जाडी बघायची. बॉम्ब पडले की मी पडद्यावर पुलाचं वरून दिसणारं चित्र आणायचो, आणि तात्या ती पट्टी काचेला लावून निवाडा देत. खड्डा सोळाच्या भोकात असला तर 'एक्स्पोर्ट'. अठराच्या आत असला तर 'लोकल'. बाहेर गेला तर नुसतंच मान हलवून 'बेदाणा'. इक्बालभाईंनी एकदा हटकलं, "तात्या, द्राक्षाला तर मोठं भोक चांगलं." तात्या म्हणाले, "द्राक्ष वाढवायचं असतंय. चूक वाढवायची नसती."

हे सगळं ते वहीत उतरवत. वही फवारणीची होती, छापील रकान्यांची: दिनांक, औषध, प्रमाण, वेळ, वारा, शेरा. औषधाच्या रकान्यात ते 'बॉम्ब' लिहीत. प्रमाणाच्या रकान्यात नग. वाऱ्याचा रकाना भरायला मोहिमेच्या सुरुवातीला नदीच्या वळणांवरून एकदा जाऊन एकदा परत यायचं. दोन्ही वेळा सारखे सेकंद लागले तर वारा नाही. फरक पडला तर वारा आहे. मग बॉम्ब टाकायला वाऱ्याच्या रेषेतच शिरायचं. "वाऱ्याला पाठ दे नाय तर तोंड दे. कूस देऊ नको." आडवा वारा विमानालाच सरकवतो, मग नेम कितीही धरा. हे झालं की पहिल्या ओळीत वारा लिहायचा. दुसऱ्या फेरीला शिरीष विचारी, "तात्या, वारा?" तात्या डोळे न उचलता म्हणत, "लिही, वरीलप्रमाणे." त्याखाली पुन्हा वरीलप्रमाणे. आमच्या मोहिमांत वारा बदलतच नसे, त्यामुळे ते चालूनही गेलं.

पण माणूस एवढा वाऱ्याच्या मागे का, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. ते इक्बालभाईंनी सांगितलं. निम्मा तालुका त्यांच्याकडे पंपाचे नोझल न्यायला येत असल्यामुळे त्यांना गावोगावची भांडणं पाठ होती.

तात्यांना एक धाकटा भाऊ, पोपट. दोघांची शेतं बांधाला बांध. अकरा वर्षांपूर्वी तात्यांनी आपल्या उसात तणनाशक मारलं. चार दिवसांनी पोपटच्या द्राक्षबागेची पानं आखडून पंज्यासारखी झाली. उसातलं ते औषध द्राक्षाला विषच. तुषार जरी उडत गेले तरी वेल कामातून जातो. पोपटचं ते वर्ष गेलं. आदल्याच आठवड्यात दोघांची पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून जुंपलेली, त्यामुळे पोपट म्हणाला, दादानं मुद्दाम केलं. गावानं दोघांना समोरासमोर बसवलं. तात्यांनी फवारणीची वही पुढे ठेवली. त्यात त्या दिवसाच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं, वारा : नाही. पोपट म्हणाला, "वहीत लिवलं म्हंजे वारा थांबतो का?" आणि उठून गेला. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. बांधावर समोर आले, तर एक जण आभाळाकडे बघतो आणि दुसरा बुटाकडे.

"और तात्या का एकच पालुपद," इक्बालभाई म्हणाले. "वारा नव्हता. अकरा साल से वारा नव्हता."

पुढच्या बुधवारी मी उगाच विषय काढला. तात्या द्राक्षाचे मणी घडापासून एकेक सोडवत होते. म्हणाले, "माझ्या हातून थेंब वाकडा जात नाय. हे गावाला ठावं हाय. मंग लोक म्हनत्यात, वाकडा जात नाय तर मुद्दामच टाकला." थोड्या वेळानं म्हणाले, "वारा नव्हता. मी धूळ सोडून बघितली व्हती."

नेमक्या त्या दिवसांत कॉलेज रोडच्या एका सेंटरच्या टोळीनं आम्हाला आव्हान दिलं. त्यांच्याकडे वातानुकूलित खोली आणि कानावर चढवायचे माइक होते, त्यामुळे ते स्वतःला वायुदल समजत. ठरलं असं की रविवारी सकाळी त्यांनी आमच्याकडे यायचं. दोन्ही संघांनी एकाच पुलावर दोन-दोन फेऱ्या करायच्या. पुलाच्या उजव्या हाताला आपल्याच सैन्याचे तंबू. त्यावर बॉम्ब पडला की खेळ खलास. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांना मिसळ खाऊ घालायची. मोहीम रचायची मी, कारण मी पंच.

तात्यांना मी सहज सांगितलं. ते मणी सोडवायचे थांबले. मग इक्बालभाईंना म्हणाले, "पोपट तुझ्याकडं येतो ना? रविवारी बोलाव त्याला. मी बोलावलं म्हनू नको."

"किस लिए?"

"बघू दे. चार लोकांसमोर माझा नेम बघू दे. मंग सांगू दे, मुद्दाम केलं म्हनून."

कॉम्प्युटरवरच्या पुलावर बॉम्ब पडल्यानं अकरा वर्षांपूर्वीच्या उसातलं काय सिद्ध होणार, हे विचारायची आमच्यात कुणाची हिंमत झाली नाही. तात्यांचा चेहरा विचारण्यासारखा नव्हता.

इथे मला एक कबुलीजबाब द्यायचा आहे. मोहीम रचताना मला वाटलं, दोन्ही संघांची जरा गंमत करावी. खेळात एक सोय होती: ठरल्या वेळी हवामान बदलायचं. पहिल्या फेरीला मी हवा गपगार ठेवली, आणि दुसरीला डावीकडून उजवीकडे सणसणीत वारा भरला. कुणालाही सांगितलं नाही. पंच म्हणून मी दोघांशी सारखाच लबाड होतो.

रविवार उजाडला. कॉलेज रोडवाले माइक लावून आले. तात्या धुतलेली टोपी घालून आले आणि ती मॉनिटरवर ठेवून बसले. दहाच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली. इक्बालभाई एका उंच, किडकिडीत माणसाला घेऊन वर आले. हातात पंपाचा नवा रबरी पडदा, कागदात गुंडाळून सुतळीनं बांधलेला. तात्यांसारखंच नाक, तात्यांसारखीच निळसर नखं. पोपटराव दारातच थांबले, चौकटीला टेकून, हाताची घडी घालून. तात्यांनी मान वळवली नाही. पण त्यांचे कान, देवाशपथ, लाल झाले.

पाहुण्यांची पाळी आधी. त्यांचे पहिल्या फेरीचे बॉम्ब लोकल निघाले, दुसऱ्या फेरीचे नदीपार. एकूण बेतास बात. ते चिडचिड करत, माइकला दोष देत उठले. वाऱ्याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. मी गालातल्या गालात हसलो.

मग तात्या. शिरीषनं विमान वर चढवलं. नदीच्या वळणांवरून एक जाणं, एक येणं. तात्यांनी मनगट उलटं धरून सेकंद मोजले. सारखे. वहीत लिहिलं : वारा : नाही. उंची पुलापासून. वेग घड्याळाचा. हात काढून घेतले. विमान रवंथाला बसलं. तात्यांनी उजवा हात वर धरला, आणि पूल नेमात आल्यावर खाली टाकत म्हणाले, "सोड."

सहाच्या सहा बॉम्ब पुलावर. पुलालगतची तेलाची टाकीही पेटली आणि काळ्या धुराचा खांब सरळ वर उभा राहिला. तात्यांनी पट्टी लावली. सगळे सोळाच्या भोकात. कॉलेज रोडवाल्यांपैकी एकानं माइक काढून टाळ्या वाजवल्या. इक्बालभाई ओरडले, "एक्स्पोर्ट! पूरा कंटेनर!" तात्यांनी पहिल्यांदाच दाराकडे पाहिलं, अर्ध्या डोळ्यानं. पोपटराव पुतळ्यासारखे उभे होते.

दुसऱ्या फेरीसाठी लांबून वळसा घ्यायचा होता. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत तात्या पडद्याकडे कमी आणि दाराकडे जास्त होते. शिरीषनं विचारलं, "तात्या, वारा?"

"वरीलप्रमाणे."

शिरीषनं लिहिलं. विमान पुलाच्या रेषेत आलं. पंचाच्या खुर्चीत माझं हसू तोपर्यंत मावळलं होतं. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

"तात्या," शिरीष म्हणाला, "पूल डावीकडे सरकतोय."

"तू वाकडं धरलंय. सरळ कर."

"सरळच आहे. तरी सरकतोय."

"वारा नाय! पुलाकडं नाक कर अन् हात काढ."

शिरीषनं नाक वळवलं. पूल पुन्हा सरकला. त्यानं पुन्हा वळवलं. तात्यांचा हात खाली आला, "सोड!" आणि सहाच्या सहा बॉम्ब ओळीनं आपल्याच तंबूंवर पडले.

खोलीत एकच गलका. कॉलेज रोडवाले नाचू लागले. इक्बालभाई शिरीषवर तुटून पडले, "तूने हिलाया! हाताने हिलाया!" शिरीष ओरडला, "मी नाही हलवलं! तात्या, वारा होता!"

"वारा नव्हता!" तात्या उभे राहिले. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "वारा नव्हता! वहीत लिवलंय, बघ!" आणि त्यांनी निळसर नखाचं बोट वहीवर दाबलं.

बोटाखाली लिहिलं होतं, वरीलप्रमाणे.

तात्या त्या शब्दाकडे बघत राहिले. मग पडद्याकडे. पेटलेल्या टाकीचा धूर आता उभा नव्हता. तो पुलावरून उजवीकडे, तंबूंवर, पार आडवा झोपला होता. आमच्यातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर तो किती तरी वेळ तसाच होता.

"हा धूर कधी वाकला?" तात्यांनी हळू विचारलं.

"वळसा घेतला ना, तेव्हाच," शिरीष म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही बघितलाय."

तात्या खाली बसले. बोटांवर काहीतरी मोजू लागले. नाचणारे थांबले. त्यांनाही कळलं की इथे मिसळीपेक्षा मोठं काहीतरी चाललंय.

"नऊ टाक्या मारल्या व्हत्या त्या दिवशी," तात्या म्हणाले. आमच्यापैकी कुणाला उद्देशून नव्हे. "पहिल्या टाकीला धूळ सोडून बघितली. सकाळी सातला. खाली आठ येळा लिवलं…"

ते उठले, आणि मॉनिटरवरची टोपी न घेताच दारापाशी गेले. पोपटरावांची घडी सुटली होती.

"पोपट," तात्या म्हणाले, "वारा व्हता."

पोपटराव हातातल्या पुडक्याची सुतळी सोडत राहिले. खाली एक ट्रक हॉर्न वाजवत गेला, दुसरा गेला.

"दादा," ते म्हणाले, "अकरा वर्षं मी दुसरं काय सांगत व्हतो?"

"मी मुद्दाम नाय केलं."

"ते मला पहिल्या दिवसापासून ठावं व्हतं. पन तू म्हनायचा, वारा नव्हता. शपथेवर म्हनायचा. वारा नव्हता तर औषध माझ्या बागेत चालत आलं का? तूच सांग, मानसानं काय समजायचं?"

आयुष्यभर नेमानं बोलणाऱ्या तात्यांना नेम धरायला जागाच उरली नव्हती. स्वतःच्या बचावाला त्यांनी जी एक गोष्ट पुढे धरली होती, तिनंच त्यांना अकरा वर्षं गुन्हेगार ठरवलं होतं.

मी पुढे झालो. म्हटलं, "तात्या, वारा मीच भरला होता. गंमत म्हणून."

तात्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. वाटलं, आता पंच्यानं झोडपतात. ते म्हणाले, "बरं केलं. पन पुन्हा करशील तर सांगून कर." मग पोपटरावांकडे वळून, "मिसळ खायची हाय. आपन हरलो."

"आपन?" पोपटराव म्हणाले. "मी कधी हरलो? मी तर आत्ता आलो." आणि पुढचं वाक्य जिना उतरता उतरता बोलले, पण आम्हाला ऐकू आलं, "रस्सा तिखट सांग. तुझी मागची खोड हाय, फिका मागवायची."

टोपी मी खाली नेऊन दिली.

त्यानंतर तात्यांचे बुधवार विरळ झाले. पुढे त्यांच्या पोपटनंच गावात कुणाकडून तरी ईमेल शिकून घेतलं आणि दोन्ही भावांचा निर्यातीचा पत्रव्यवहार तो स्वतः करू लागला. माझं सेंटरही काही वर्षांनी बंद पडलं. घरोघरी इंटरनेट आल्यावर द्वारकेचा जिना कोण चढणार? शिरीषची बदली झाली. जाताना तो, तात्यांनी सेंटरवरच ठेवलेली ती बॉम्बची वही मागत होता. मी दिली नाही. ती अजून माझ्याकडे आहे.

मी तात्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर तीनेक वर्षांनी. एका लग्नासाठी सायखेड्याच्या बाजूला गेलो होतो. सकाळची वेळ. रस्त्याकडेला ऊस, त्याच्या पलीकडे बांध, बांधापलीकडे हिरवीगार द्राक्षबाग. उसाच्या कडेला ट्रॅक्टर उभा, मागे पंप, आणि चालकाच्या जागेवर तोंडाला रुमाल बांधलेले पोपटराव. इंजिन सुरू होतं. मी गाडी थांबवली, पण हाक मारली नाही.

ट्रॅक्टरच्या पुढे तात्या उभे होते. थोडे वाकलेले, टोपी जराशी मागे. एका हातात वही. टाकी भरून झालेली असावी, कारण बाजूला रिकामं पिंप आडवं पडलं होतं.

पोपटराव ओरडले, "दादा, मघाच्याच टाकीला बघितला ना वारा! उरक आता!"

तात्यांनी डावा तळहात उगारून त्यांना थांबवलं. मग खाली वाकून चिमूटभर माती घेतली, हात खांद्याच्या वर नेला आणि बोटं उघडली. माती सरळ खाली पडली. तरी ते हलले नाहीत. उसाच्या शेंड्यांकडे पाहिलं. दूरवर कुणाच्या तरी चुलीचा धूर दिसत होता, त्याच्याकडे पाहिलं. वही मांडीवर धरून काहीतरी लिहिलं. किती लिहितात ते मी लांबून मोजत होतो. एका शब्दात आटपलं नाही, एवढं नक्की.

पोपटरावांनी कपाळाला हात लावला. पण गिअर टाकला नाही.

मग तात्या ट्रॅक्टरच्या वाटेतून बाजूला झाले, उजवा हात वर धरला, उसाच्या ओळीकडे एक डोळा बारीक करून पाहिलं, आणि हात सपकन खाली आणला. इंजिनाच्या आवाजात मला शब्द ऐकू आला नाही. ऐकायची गरजही नव्हती.

सोड.